न मागवलेलं बी

ओलं धान्य घेताना व्यापारी वजनात घट धरतो. आमच्या घरी माझ्या बोलण्यात धरतात. मी बिबट्या सांगितला की घरचे मांजर समजतात. तक्रार नाही. मी नागपूरला लागून असलेल्या वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग सांभाळतो. दिवसभर खोकी, ट्रक आणि डिझेलचा धूर. त्यातून घरी न्यायला गोष्ट निघते ती बेताचीच, मग तिला थोडं नेसवून-सजवून न्यावं लागतं.

पण ते पाकीट आलं तेव्हा मी काहीही सजवलं नव्हतं. पावसाळ्यात टपालानं माझ्या नावावर आलं, परदेशातून. वर 'कानातले' असं इंग्रजीत छापलेलं. आत कानातले नव्हते. प्लास्टिकच्या पुडीत बिया होत्या, लिंबाच्या बियांसारख्या, थोड्या लहान. मी काही मागवलं नव्हतं, आणि तसंच घरी सांगितलं. त्या दिवशी दादा आणि वहिनी खत न्यायला नागपूरला आले होते, जेवायला आमच्याकडेच. दादानं पाकीट उलटंसुलटं केलं आणि बायकोकडे बघत विचारलं, "कानातले कोनासाठी मागवले होते गा?" बायको माझ्या वरणात तूप वाढायची राहून गेली. मी खरं सांगतोय हे पटवण्यात अर्धं जेवण गेलं आणि कोणाला पटलं नाही. वहिनींना मात्र या भानगडीत रस नव्हता. त्यांनी एक बी नखानं सोलली, वास घेतला, आणि पुडी पर्समध्ये टाकली.

वहिनींची कोंढाळीच्या अलीकडे संत्र्यांची नर्सरी आहे. दादाचं नाव पाटीवर असलं तरी नर्सरी वहिनींची. जंबेरीची, म्हणजे रानटी लिंबाची, रोपं कलमाचा खुंट म्हणून वाढवायची, आणि थंडीत त्या खुंटाच्या सालीला चीर देऊन संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कळी फुटते तो बारका फुगवटा, आत बसवायचा. मग प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून टाकायचं. याला डोळा भरणं म्हणतात. हे सगळे डोळे येतात एकाच जुन्या, निरोगी झाडावरून. कागदोपत्री तो मातृवृक्ष. वहिनी त्याला 'म्हातारी' म्हणतात. आजूबाजूच्या किती बागा त्या म्हातारीच्या अंगातून निघाल्या आहेत हे कोणी मोजलेलं नाही.

पुडीचं मी विसरलो. हिवाळ्यात आमच्या कॉलनीच्या वाचनालयानं मला व्याख्यानाला बोलावलं. महामारीची धास्ती ताजी होती, म्हणून मी विषय सुचवला: जंतूंची लढाई. विषय म्हणजे काय विषय. आरशासमोर मी तालमी सुरू केल्या. वेढा पडलेलं बंदराचं शहर, बाहेर प्लेगनं मरणारं सैन्य, आणि ते सैन्य आपलेच मुडदे यंत्रावर चढवून तटाच्या आत भिरकावतंय. त्या प्रसंगासाठी मी गोदामातून गव्हाचं रिकामं पोतं आणून त्यात चिंध्या भरल्या. ते टेबलावरून खाली पडलं की धप्प असा आवाज येई आणि बायको स्वयंपाकघरातून दचके. मग किल्ल्यातले गोरे अंमलदार देवीच्या रुग्णांच्या रजया बाहेरच्या रानातल्या मूळ रहिवाशांना भेट देतात, हसून, हात मिळवून. मग पहिलं महायुद्ध, अंधारात तबेल्यात शिरणारे हेर, रोग लावलेले घोडे आणि खेचरं. मी हे सगळं करताना इतका रंगत होतो की भीती वाटायची राहूनच गेली.

मग टिपणांमधलं पिकांचं पान आलं. मोठमोठ्या देशांनी एके काळी गव्हाच्या तांबेऱ्याचे आणि भाताच्या करप्याचे बीजाणू साठवून ठेवले होते. माणसाला मारायचं नाही, त्याचं ताट मारायचं. पुढे असल्या शस्त्रांवर बंदीचा करार झाला. पण तो कोण पाळतंय हे तपासायला कोणी नेमलं नाही. इथं मी थांबलो. पोत्यानं दाखवता येईल असं यात काहीच नव्हतं.

शेवट जरा दिलाशाचा करावा म्हणून बचावाबद्दल काही शोधत बसलो, आणि कृषी खात्याची एक सूचना सापडली. परदेशातून टपालानं न मागवलेलं बियाणं आलं तर पेरू नका, फेकू नका, कृषी कार्यालयात द्या; अशा बियांसोबत नवे रोग येऊ शकतात. पाकिटावर भलतंच काही लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ दागिने.

मी दादाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बरं. याच्यात घट किती धरू?"

मोटारसायकल काढली. वाडीपासून कोंढाळीकडचा रस्ता माझ्या रोजच्या ओळखीचा, ट्रकवालेही ओळखीचे. एकानं हॉर्न देऊन हात केला, मी हात उचलला नाही. एकच गोष्ट मनात घोळत होती. थंडी, म्हणजे डोळे भरायचा हंगाम.

वहिनी शेडमध्येच होत्या. त्यांनी मला कौतुकानं रोपं दाखवली. बऱ्याच बिया उगवल्या होत्या. पान चुरगळलं की लिंबाचा वास. रोपं एवढीशी आहेत, उपटून टाकता येतील, म्हणून मला जरा हुशारी आली. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, खरी मजा पुढे आहे, आणि मला बागेत घेऊन गेल्या.

म्हातारीच्या एका फांदीवर, छातीच्या उंचीवर, प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती. पट्टीच्या वर एक कोवळा, पोपटी फुटवा.

"बियाच्या झाडाले फळ याले लय वर्षं लागते," वहिनी म्हणाल्या. "मोठ्या झाडावर त्याचा डोळा बसवला का लवकर कळते, काय माल हाये तो."

त्यांची ही नेहमीची रीत. कोणाकडची नवी जात दिसली की डोळा आणायचा आणि म्हातारीवर चढवून बघायचा. तिचा स्वभाव चांगला, कोणालाही घेते. उद्या सकाळी डोळे भरणारे मजूर येणार होते. म्हातारीच्या फांद्या कापून तिचे डोळे सगळ्या वाफ्यांवर चढणार, आणि पुढच्या पावसाळ्यात ती रोपं गावोगाव जाणार.

मी सांगायला लागलो. मुडदे, रजया, घोडे, तांबेरा, सूचना. वहिनी फांदीला टेकून ऐकत होत्या, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. दादाही येऊन उभा राहिला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "मांगच्या खेपी तुमच्या गोदामात अजगर निंघाला होता."

"धामन होती," दादा म्हणाला.

"मंग हे काय हाये? अजगर का धामन?"

"गांडूळ बी असन, वहिनी," मी म्हणालो. "मले मालूम नाही."

बहुतेक त्या पुढच्या वाक्याची वाट बघत होत्या. ते नव्हतंच. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"ज्यायनं त्या रजया घेतल्या, त्यायले मालूम होतं?"

"नाही."

"कोनी सांगतलं असतं तर वापस केल्या असत्या?"

"थंडी असन तर ठेवल्याही असत्या."

दादा चिडला. गिऱ्हाइकांना शब्द दिलेला, वर्षाची सगळी मेहनत वाफ्यात उभी, आणि ज्याच्या तोंडून आजवर एक गोष्ट धड निघाली नाही त्याच्या सांगण्यावर हंगाम सोडायचा का, असं त्यानं मला नाही, झाडाला विचारलं. वहिनींनी कृषी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि मग मजुरांच्या मुकादमाला: उद्या नका येऊ.

अधिकारी सकाळी आले. तरुण, शांत, हातमोजे घातलेले. रोपं पिशवीत भरता भरता त्यांनी सांगितलं की हे युद्ध वगैरे काही नसावं. ऑनलाइन विक्री झाल्याचं खोटं दाखवायला काही दुकानदार कोणाच्याही पत्त्यावर काहीबाही पाठवतात. मला हायसं वाटलं आणि, का लपवू, किंचित वाईटही. पण म्हातारीपाशी आल्यावर ते थबकले.

"रोग सहसा बियातून येत नाही," ते म्हणाले. "डोळ्यातून मात्र येतो."

दादानं पहिलं वाक्य उचललं, वहिनींनी त्यातला एकच शब्द. "सहसा म्हंजे?" त्यांनी विचारलं.

अधिकाऱ्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. म्हणाले, प्रयोगशाळा जे शोधते तेच तिला सापडतं. काही रोग झाडात कित्येक हंगाम गप्प बसतात. फांदी कापा, जाळा, आणि झाडावर नजर ठेवा. डोळे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर घेऊ नका.

वहिनींनी फांदी स्वतः कापली. पट्टीपाशी नाही, थेट खोडापाशी. चाकू ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवला, पुसला, परत बुडवला. त्या पाकिटाला शत्रूनं पाठवलेलं असायची गरज नव्हती हे मला तेव्हा समजलं. वेढ्यातलं सैन्य, हेर, तबेला, काही लागत नाही. एक दुकानदार, एक टपालवाला, एक कौतुकानं बी पेरणारी बाई, एवढ्यावर भागतं. व्याख्यान मी दिलं. लोकांना पोतं फार आवडलं. पिकांचं पान मी वाचलं नाही.

अहवाल उशिरा आला. दिलेल्या नमुन्यात काही आढळलं नाही. दादानं तो मोठ्यानं वाचला, मग परत वाचला. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं की नमुना रोपांचा होता ना, म्हातारीचा नव्हता ना. काही गिऱ्हाइकं थांबली, बाकीची दुसऱ्या नर्सरीत गेली. वाफ्यातले खुंट डोळा न भरताच जाड होत गेले.

तेव्हापासून वहिनींकडून मला फोटो येतात. म्हातारीचं पिवळं पान, उन्हात धरलेलं. शिरा हिरव्या, मधे पिवळं. मी तो अधिकाऱ्यांना पाठवतो. ते सांगतात, झिंकची कमतरता असावी, पण सुरुवातीला रोग आणि कमतरता दोन्ही सारखीच दिसतात. मी तेच जसंच्या तसं वहिनींना कळवतो, एक अक्षर न वाढवता. त्या झिंक फवारतात. पानं हिरवी होतात. काही होत नाहीत.

गेल्या आठवड्यात परत मजुरांना सांगायची वेळ आली. मी रविवारी गेलो तेव्हा वहिनी म्हातारीखाली उभ्या होत्या, एका हातात पान, दुसऱ्यात फोन. दादा बांधावर बसला होता. मुकादम फोनवर वाट बघत होता. उद्या येऊ का, एवढंच त्याला हवं होतं. वहिनींनी पान माझ्याकडे दिलं. मी ते उन्हाकडे धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. अहवाल आमच्या बाजूनं होता. गिऱ्हाइकं विचारत होती. दादाचं वय दिसायला लागलंय.

"सांगा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमी म्हनान ते."

मी दादाकडे बघितलं नाही. म्हणालो, "अजून एक हंगाम थांबा."

त्यांनी फोन कानाला लावला आणि मुकादमाला सांगितलं, या वर्षी पन राहू द्या. त्यानं 'काहून?' विचारलं असावं. माझ्या हातातलं पान परत घेत वहिनी म्हणाल्या, मालूम नाही म्हनून.