चाकूरच्या गाडीतला डबा

दादाचा चाकूरहून फोन आला, तेव्हा वहिनीनं पाठवलेला डबा अजून एसटीतच होता. "तुझी वहिनी गेली गं…" एवढंच त्याला बोलवलं. आणि सकाळीच तर ती मला म्हणाली होती, "डबा दिलाय गाडीत. मेथी हाय, गरम करून खा." मी लातूरच्या स्टँडवर गेले, डबा उतरवून घेतला आणि तसाच मांडीवर धरून चाकूरच्या गाडीत बसले. डबा कोमट होता.

आई लवकर गेली, मला वाढवलं ते वहिनीनं. दहावीनंतर क्लाससाठी लातूरला आले आणि मेसचं पाणचट वरण बघून फोनवर रडले. झालं, दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू! ड्रायव्हरच्या शेजारी डब्यांची ही रास असायची, झाकणांवर रंगानं नावं घातलेली. गाडी थांबायच्या आत आम्ही पोरंपोरी तुटून पडायचो. "आरं, मला उतरू तर द्या!" ड्रायव्हरकाका ओरडायचे. लोक म्हणतात, लातूर क्लासेसनी वाढवलं. असेल बाई. पण क्लासची पोरं जगवली ती खेड्यातल्या चुलींनी आणि या लाल गाड्यांनी. आज जिथं माझं घर आहे ती अख्खी वसाहत त्याच पोरापोरींची आहे, शिकून इथंच राहिलेल्यांची.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हा वहिनीचा दंडक. मग मी कधी पेरू घालायची, कधी बत्तासे. संध्याकाळी तिकडं ती पदर खोचून स्टँडवर हजर. पुढं मला नोकरी लागली, घर झालं, तरी अधूनमधून डबा यायचाच. "अगं, इथं सगळं मिळतं," म्हटलं की फणकारायची, "मिळू दे की. मला करू वाटतं."

माझ्या घरी मात्र कधी मुक्कामाला आली नाही. लग्नाकार्याला, दवाखान्याला यायची आणि शेवटची गाडी गाठायची. म्हशीचं कोण बघणार! मी रुसले की हसायची. "येते की गं. लातूर कुठं पळून चाललंय? तूर निघू दे, चांगली चार दिस राहते." तूर निघाली… मी खिडकीजवळचा पलंगसुद्धा तिच्यासाठी मोकळा करून ठेवला होता.

तिला पोचवून आल्यावर ती मेथी मी एकटीनं खाल्ली. कुणाला घासभरही दिली नाही.

डबा माझ्याबरोबर लातूरला आला. ओट्यावर घासून पालथा घातलाय. परवा बाजारातून बत्तासेही आणले, सवयीनं. चाकूरची गाडी रोज वेळेवर सुटते… पण डबा घ्यायला तिकडं आता कोण उभं राहणार?