मर्तबानाचं माहेरपण

आमच्या फूफाजींइतकं चहाला देव मानणारं माणूस अख्ख्या झाशीत सापडायचं नाही. फूफाजी म्हणजे ह्यांच्या आत्याचे यजमान. महाराष्ट्रात आतोबा म्हणतात, पण इथे आतोबा म्हटलं की शेजारी विचारतात, कौन? रेल्वेतून रिटायर झालेले, आत्या गेल्यापासून घरात दोघंच, ते आणि त्यांची चिनी बरणी, इकडच्या बोलीत मर्तबान. बरणी तांबूस काळी, झिलई काकवीसारखी ओघळून बुडाशी थांबलेली अन् खांद्यावर चार छोटे कान. त्यांच्या आजोबांनी कलकत्त्याच्या एका चिन्याकडून आणली, तेव्हाच म्हणे ती म्हातारी होती. तिच्यात फक्त चहाची पत्ती राहायची. तिच्यासमोर कुणाची चुगली करायची नाही, तिला चार कान आहेत. दूधवाल्याने एकदा विचारलं, चहात चीनी का घेत नाही, तर म्हणाले, “भैया, मर्तबान चीनी है, ऊपर से और चीनी काहे को?” दूध नाही, साखर नाही, नुसतं पिवळं पाणी, आणि पत्ती मुरवायची अर्धी रामरक्षा होईस्तोवर. मध्ये कुणी बोललं की चहा फेकून रामरक्षा पहिल्यापासून. मी तर तिथे श्वाससुद्धा भीतभीत घ्यायची. पण माझी छकुली सहा महिन्यांची, सारखी रडकी, कशानेच थांबायची नाही, आणि फूफाजी बरणीवर टिचकी मारायचे, टण्ण, घंटेसारखं, की गप्प. तेवढ्यासाठी मी रोज जायची, दिवसभरात मला उसंत ती तेवढीच.

वैशाखात ते गुरसरायला लग्नाला गेले तेव्हा बरणी रिकामी करून माझ्याकडे ठेवली. माहेरपणाला आली आहे, जप, म्हणाले. मी माकडांच्या भीतीने ती पाळण्याखाली लपवली. चौथ्या दिवशी बसवाल्याबरोबर फूफाजींची एक थैली आली, वर कैऱ्याच कैऱ्या अन् चिठ्ठी, मर्तबान भरून ठेव. आता इथे मर्तबान म्हणजे लोणच्याचंच. चहाच्या बरणीत कैऱ्या कशा, असं मनात आलं, पण मोठ्यांना उलट विचारायचं कसं? मानिक चौकातून हिंग-मोहरी आणली, सरसोंचं तेल तापवलं, बरणी गळ्यापर्यंत भरली. मग थैली झटकली तर तळातून चहाचा पुडा पडला.

हे आधी खूप हसले, मग त्यांनीच सांगितलं की बरणीला आतून झिलई नाही, जे भराल त्याचा वास ती पिते आणि सोडत नाही, अन् मग तेही हसायचे थांबले. मला वाटलं, संपलं, आता फूफाजी दारात उभं करायचे नाहीत, आणि ती टिचकी मी कुठून आणू?

ते दुसऱ्याच दिवशी आले. आल्या आल्या टिचकी मारली, ठप. छकुलीने भोकाड पसरलं, मागून मी. चुकलं माझं, एवढंच कसंबसं म्हटलं. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. मग एक फोड तोंडात टाकली, मीठ कमी आहे म्हणाले, आणि छकुलीला उचललं. “रडू नको गं. पोट भरलंय तिचं. भरल्या पोटी कोण गातं?”

लोणचं संपायला दिवाळी आली. मग बरणी राखेने घासली, उन्हं दाखवली, तरी चहाला हिंगाचा वास येई तो येईच. फूफाजी मात्र रोज आमच्याकडे येऊन डोळे मिटून तोच प्यायचे. कुणी तोंड वाकडं केलं तर सांगायचे, चीनमध्ये बड्या लोकांकडे असाच असतो. बरणी न्यायचं नाव नाही, म्हणे तिचं माहेरपण संपलं नाही अजून.

यंदा त्यांच्या मुलाने त्यांना कायमचं आपल्याकडे नागपूरला नेलं. मी बरणी छकुलीच्या दुपट्यांत गुंडाळून स्टेशनवर घेऊन गेले. त्यांनी दुपटं बाजूला करून एकदाच टिचकी मारली, टण्ण. छकुली आता चालते, ती खुदकन हसली. “राहू दे तुझ्याकडेच,” म्हणाले, “सासरी तिला हिंग कोण घालणार?”

गाडी हलली. काय करावं कळेना म्हणून मी तिथेच रामरक्षा सुरू केली. अर्ध्यावर आले तोच छकुली ‘टण’ म्हणाली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.