नायगावचा लोकरी कोट

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात पेन्सिल होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मी सकाळचा पेपर चुका काढतच वाचतो. "दत्ताभाऊजी, हे गेले," एवढंच शालिनीवहिनी म्हणाल्या. फोन ठेवला आणि मी उरलेलं पान तपासत बसलो... माझं हे असंच आहे. त्याला आता पाच आठवडे झाले. रात्री डोळा लागत नाही आणि दिवसा कुठे बूड टेकत नाही. हे लिहितोय ते भास्करच्या गौरवासाठीच, असंही मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी गिरगावचा, कारकुनाचा मुलगा. तो नायगावच्या बीडीडी चाळीतला, वडील गिरणीत रंगखात्यात. मी बी.एस्सी. अर्धवट सोडून एका सायंदैनिकात मुद्रितशोधक झालो आणि भास्कर सुताला रंग कसा धरतो, यावर संशोधन करू लागला. वडिलांचे निळे हात बघूनच त्याला तो प्रश्न पडला होता. त्याची पुस्तकं मी वाचायला न्यायचो आणि प्रुफांच्या पट्ट्या खुणेला घालून परत करायचो.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे ते दिवस. व्हिएन्नाच्या एका परिषदेचं पत्र आलं: तुमचा निबंध स्वीकारला आहे, वाचायला या. कसं यायचं, त्याबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. फोर्टातला एक विश्वस्त निधी अशा विद्यार्थ्यांना प्रवासखर्च देत असे. भास्करनं तिथे अर्ज केला आणि मुलाखतीची वाट बघत बसला. पण चाळीला कुठला धीर? इंग्रजी पत्र व्हरांड्यात मोठ्यानं वाचून दाखवलं ते मीच. चार दिवसांत सत्कार ठरला. बुद्धवंदना झाली, हार झाले, खालच्या मजल्यावरच्या तुकाराममामा शिंप्यांनी जाड लोकरी कापडाचा कोट शिवून त्याच्या अंगावर चढवला. ऐन उन्हाळ्यात भास्कर घामानं निथळत उभा! "आमचा भास्कर बोटीनं जानार," त्याची आई प्रत्येकाला सांगत होती. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दत्ता, यांना थांबव रे. अजून काहीच नक्की नाही."

मी थांबवलं नाही. उलट सत्काराची चार ओळींची बातमी लिहून पेपरात घुसवली. ती वार्ताहरांच्या खोलीत पोचवताना मला स्वतःचाच केवढा अभिमान वाटत होता! मुंबई कुणाची यावर रस्त्यात डोकी फुटत होती, त्यात आपल्या गिरणगावचा पोरगा परदेशी निघालाय हे साऱ्या शहराला कळायला हवं, असं मला वाटलं.

मुलाखतीच्या दिवशी हरताळ होता. बस नाही, ट्राम नाही. परळ, लालबाग, भायखळा करत आम्ही फोर्टापर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा पोलिसांनी हुसकावलं. मी जिन्यात थांबलो. दहा मिनिटांत भास्कर बाहेर आला. "त्यांच्याकडे कात्रण आहे," तो म्हणाला. "तुमची सोय झालेली दिसते, म्हणाले. ज्याची झाली नाही त्याला देतो."

"बातमी चुकीची आहे, असं सांगायचंस ना!"

"सांगितलं. तर म्हणाले, मग हा सत्कार कसला? चाळ खोटारडी आहे, असं म्हणू का दत्ता?"

"त्या वार्ताहराला अक्कल नाही," मी म्हणालो. भास्कर जिना उतरू लागला. पुढे महिनोन्‌महिने त्याला व्हरांड्यातून जाताना "कधी निघतोस रे?" ऐकावं लागलं. तो हसायचा. मला ते हसणं आजही सहन होत नाही.

पुढे तो प्राध्यापक झाला. परदेशी परिषदांना जाऊ पाहणारे विद्यार्थी त्याच्या नायगावच्या खोलीत अर्ज भरायला येत. प्रत्येकाला तो एकच अट घालायचा: "मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत घरी सांगायचं नाही." हे तो माझ्यासमोर म्हणाला की मी उठून खिडकीशी जायचो. पत्र आलं की तोच कोट विद्यार्थ्याच्या हातात द्यायचा. कोट लंडनला गेला, प्रागला गेला, दोनदा व्हिएन्नालाही जाऊन आला. भास्कर कधीच गेला नाही.

भास्कर गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी वहिनींनी कोट माझ्याकडे दिला. "पुढच्या महिन्यात यांची एक विद्यार्थिनी जातेय, तिचं पत्र आलंय. कोट तुमच्या हातून द्यायला सांगून गेलेत. आणि आतला खिसा आधी बघायला सांगितलाय."

खिशात प्रुफाची पिवळी पडलेली पट्टी होती. तिच्यावर मी लिहिलेली तीच बातमी होती; आधी छापलं होतं, ‘जाण्याची शक्यता आहे.’ त्यावर काट मारून समासात ‘जात आहेत’ असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं. म्हणजे मी परत केलेल्या कुठल्याशा पुस्तकातून ही त्याला तेव्हाच मिळाली होती. सगळं ठाऊक असून हा माणूस मला दर रविवारी चहाला बोलावत राहिला! मला त्याचा संताप आला. मग हुंदका आला.

काल ती मुलगी आली. कोट घालून तिनं आरशात पाहिलं. "काका, सर हा घालून कुठे गेले होते?"

"कुठेच नाही गं," मी म्हणालो. "त्याचं जाणं माझ्यामुळे राहिलं." आणि पट्टी तिच्या हातात दिली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. पट्टी दोनदा वाचली, घडी घातली आणि पुन्हा कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.