नळ उघडला तरी झेंडू थांबला नाय

भूतबीत मी मानत नाय, आधीच सांगतो. बायकोच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. भावकी म्हणाली, तिची इच्छा राहिली असंल. मी म्हणालो, कावळ्याचं पोट भरलं असंल. असा मी माणूस... सातवी नापास. मोबाईलमध्ये बोलतो, तो लिहितो. शुद्धलेखन बघायचं असंल त्यानी दुसरं काही वाचावं.

मखमलाबादच्या पुढं आमचा झेंडूचा मळा हाय. बायको पडवीत गोणपाटावर बसून हार करायची. दोऱ्याचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला, दोन्ही हात फुलांत. तिचा एक पिवळा बोका होता, त्याचं नाव पण झेंडूच. त्याला कुरवाळायला हात रिकामा कुठला? मग ती डाव्या पायानं त्याची पाठ चोळायची. दिवसभर. बोका घुरघुर करत पडलेला.

जाताना ती पोरांबद्दल काही बोलली नाय. म्हणाली, "बोक्याला जगवा."

आणि ती गेल्यापासून बोक्यानं तोंडच लावलं नाय. दूध नाय, मासा नाय. हातानं चारलं तर मान फिरवायचा. हाडं वर आली. शेजारी म्हणाले, "आबा, मांजराचं काय एवढं? सोडून द्या." मी म्हणालो, तुम्हाला कोणी विचारलं?

गावच्या जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. तो सरळ बोलला, "आबा, मी गाई-म्हशींचा माणूस. मांजर उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर जातं, एवढं मला ठाऊक आहे. नाकातून नळी घालून चारतात, पण मी कधी घातली नाही. रविवारी नाशकात आम्हा डॉक्टरांचा क्लास आहे, कुत्र्या-मांजरांचाच. तिथं आणा. पुण्याच्या मॅडम शिकवणार आहेत, त्याच बघतील."

"डॉक्टर होऊन परत शाळा?"

"रोज नवीन निघतंय, आबा. नाही शिकलो तर तुमचा बोका मरेल."

मला ते पटलं.

गंगापूर रोडवरचा हॉल. भर सकाळची उन्हं. सटाणा, कळवण, हरसूल, सगळीकडचे डॉक्टर वह्या घेऊन बसलेले. मी पहिल्या रांगेत, शेजारची खुर्ची रिकामी. मॅडमनी टेबलावर झेंडूला तपासलं, नळीचं पाकीट हातात घेतलं, तोवर हा सुटला! उडी मारून खाली. सटाण्याचा डॉक्टर त्याच्या अहिराणीत हसला, "भारी जिद्दी शे हाऊ बोका!"

बोका माझ्याकडं आला नाय. रिकाम्या खुर्चीपुढं गेला, पसरला, आणि घुरघुरायला लागला. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

मॅडम खाली बसल्या, त्याच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावली, म्हणाल्या, "घुरघुरीत ठोके ऐकू येत नाहीत. अशा वेळी नळ उघडायचा. पाण्याच्या आवाजानं मांजर गप्प होतं. लिहून घ्या."

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ उघडला. झेंडू गप्प होईना. उलट मान ताणून डोळे मिटले.

आणि मग सगळ्यांना दिसलं... पाठीवरचे केस दबत होते. मानेपासून शेपटीपर्यंत. परत उभे. परत दबले.

"पंखा बंद करा," मॅडम म्हणाल्या. केला. तरी तेच.

बोटांची रेघ नव्हती ती. रुंद होती. पावलाएवढी. बाकीच्यांना काय कळणार... ते पाऊल मी पन्नास वर्षं बघितलंय.

माझ्या तोंडून गेलं, "अगं, चोळतीस काय नुसती! त्याला जेवायला सांग की!"

कोणी हसलं नाय. मॅडमनी खाण्याची बशी पुढं सरकवली. बोक्यानं वास घेतला. आणि खाल्लं. बशी चाटून पुसून! नळीचं पाकीट फोडलंच नाय. नळ मात्र वाहतच होता, बंद करायचं कोणाला सुचलं नाय.

नंतर मॅडम म्हणाल्या, "मांजराच्या पाठीची कातडी थरथरते असा एक आजार असतो, आबा." मग त्याच म्हणाल्या, "पण त्यात केस असे दबत नाहीत." आमच्या डॉक्टरनं वही मिटली. त्यानं काही लिहिलं नव्हतं.

घरी येऊन मी पण पायानं चोळून बघितलं. बोक्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी दुसऱ्याच्या ताटात हात घातला. उठून गोणपाटापाशी जाऊन बसला.

आता बशी तिथंच ठेवतो. म्हणतो, "अगं, सांग त्याला." आणि तोंड फिरवून मळ्याकडं बघत बसतो. मागं घुरघुर सुरू होते, मग खाल्ल्याचा आवाज. वळून बघत नाय. बघितलं आन् थांबलं तर?

हे काय हाय, मला ठाऊक नाय. डॉक्टर लोकांना पण नाय. माझ्याकडं ती एकदाही आली नाय. नाय तर नाय. बोका जगला पायजे. तिला शब्द दिलाय.