दवाखान्यातला वाघ

वाघ माझ्या अंगावर मुतला, तेव्हा मला वाघाची भीती वाटली नाही. सासूची वाटली.

औरंगाबादच्या बागेत वाघ आणलाय, ही बातमी गावात पोचली आणि शेजारची हसीनाबी, शिंप्याची कौसा आणि मी, तिघींनाही घास गिळेना. आमचं गाव रेल्वेच्या रुळाला लागून. सकाळच्या पॅसेंजरनं गेलं की संध्याकाळी धारेच्या वेळेला परत. सासूला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गोठ्यात म्हैस हाय, दारात कुत्रं हाय, खाटंवर तुझा नवरा हाय. अजून कोणतं जनावर बघायचं राह्यलं?"

मग मी खोटं बोलले. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दवाखान्यात भेटून येते. (मावशी तेव्हा रोज रात्री चिमणीच्या उजेडात सुईत दोरा ओवत होती.) सासू म्हणाली, "जा. पण खोटं निघालं तर औंदा पंचमीला माहेर नाय." दोन वर्षं मी माहेरी गेले नव्हते. अक्कल असती तर तिथंच गप्प बसले असते.

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्या बाईनं ठेवणीतलं नेसून चालत नाही, म्हणून मी रोजचं हिरवं लुगडं नेसले. आता हे लुगडं साधं नव्हतं. आमची म्हैस चंद्री त्याच लुगड्याला पान्हा सोडायची. दुसरं नेसून बसलं की लाथ. एकदा मला ताप आला, तर माझा नवरा ते लुगडं नेसून धारेला बसला आणि म्हशीनं रोजच्यापेक्षा शेरभर दूध जास्त दिलं. (ते दुःख मला अजून आहे.)

गाडीत दर स्टेशनाला मी तोंडावर पदर ओढायची. हसीनाबी म्हणाली, "क्यों गे, मय्यत में चली क्या?"

"सासूच्या वळखीचं कुणी भेटलं तर माझीच मयत हाय," मी म्हणाले.

बागेत पोचलो. वाघ खाटेएवढा लांब होता आणि झोपला होता. मी चांगली दहा हात मागं उभी होते, कारण भीती मलाही वाटते. एवढ्यात गर्दीत खाकी कपडे दिसले. आमच्या गावचा पोस्टमन! पत्र एक वेळ पोचवणार नाही, पण बातमी घरपोच. मी विचार केला, वाघाकडं तोंड केलं तर पोस्टमनला माझी नुसती पाठ दिसेल. म्हणून गर्दीत घुसले आणि थेट पुढच्या कठड्याला जाऊन चिकटले.

वाघ उठला. आमच्याकडं पाठ फिरवली आणि शेपूट वर केलं.

"लाजला गं," कौसा म्हणाली.

लांबून राखणदार ओरडला, "ओ बाई, मागं सरा."

मागं पोस्टमन होता. मी सरले नाही.

पदरापासून काष्ट्यापर्यंत भिजले. हसीनाबी नाक धरून लांब उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "वो पोस्टमन नई है गे. दुसराच हाय कुणी."

नळाखाली लुगडं चोळलं. कौसानं तिच्याजवळचा साबण झिजवून संपवला. वास हलला नाही. जाताना आम्ही दारात उकिडव्या बसून गेलो होतो, येताना आम्हाला आख्खा डबा मिळाला. तिकीट तपासणारा डब्यात चढला आणि तिकिटं न बघताच उतरला. पण पुढं घर होतं. लुगडं बदलावं तर म्हैस लाथ मारणार, आणि का बदललं म्हणून सासू विचारणार. न बदलावं तर हा वास. वाटलं, गाडी चुकली असती तर बरं झालं असतं. नेमकी त्या दिवशी गाडी वेळेवर पोचली.

सासू चरवी घेऊन दारातच उभी होती. मी कुणाकडं न बघता चरवी घेतली आणि गोठ्याकडं गेले. दारातलं कुत्रं भुंकलं नाही. खाटेखाली शिरलं. गोठ्यात चंद्रीनं एकदा नाक वर केलं, डोळे पांढरे केले, आणि खुंटा उपटून, आंबोणाचं घमेलं तुडवून, माझ्या शेजारून बाहेर गेली. गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता.

सासू जवळ आली. "मावशी कशी हाय?"

"बरी हाय."

"कोणच्या डोळ्याचं झालं?"

"डाव्या."

"दवाखान्यात अजून कोण कोण होतं?"

"होते की पेशंट. लई गर्दी होती."

सासूनं माझा पदर उचलून नाकाला लावला. एक गोष्ट मी पार विसरले होते. सासू सोयगावकडची, अजिंठ्याच्या डोंगरातली. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, ती पोर असताना, त्यांच्या गोठ्यामागं वाघ येऊन बसायचा.

"मंग," सासू म्हणाली, "वाघ कोणच्या खाटंवर होता?"

मी सगळं सांगून टाकलं. सासूनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पंचमी नाय."

रात्री चार गड्यांनी चंद्रीला धरून आणलं. पण मी दुसरं लुगडं नेसून गेले तरी ती मला बघून थरथरायची. दोन दिवस दुधाचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूनंच माझी पिशवी भरून दारात ठेवली.

"माहेरी जा."

"पण पंचमीला अजून पंधरा दिस हायत."

"पंचमीसाठी नाय धाडत, म्हशीसाठी धाडते. ती इसरंपर्यंत तोंड दावू नको. आन ते लुगडं बी घेऊन जा, घरात नको."

अशी मी दोन वर्षांनी माहेरी गेले. पिशवी काखेत धरून दारात उभी राहिले. आई हात पुसत, हसत पुढं आली. तिच्या मागं गोठ्यात गाईनं दावं तोडलं.

सासर आणि माहेर मिळून आजवर माझा धाक बसला तो एका म्हशीला, एका गाईला आणि एका कुत्र्याला. तोही माझा नव्हता.