सरळ केलेला ओढा

भागवतकाका शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण जमिनीचा उतार त्यांच्याइतका आमच्या भागात कुणालाच कळत नव्हता. मृदसंधारणाच्या कामांवर त्यांनी बावीस वर्षं रोजंदारीनं पट्टी धरली. साहेब दुर्बिणीतून बघणार आणि काका लांब आकड्यांची पट्टी उभी धरून थांबणार, असं ते काम. पुढं पुढं साहेबांनी डोळा लावायच्या आधीच काका सांगायचे, "हितं चार बोटं कमी भरंल." आणि तेवढंच भरायचं.

ते काम सुटल्यावरही बांध घालायचा असो की विहिरीची जागा बघायची असो, लोक आधी त्यांना घेऊन जायचे. काका वावरात दोन फेऱ्या मारायचे, चपला काढून उभे राहायचे, मग बोलायचे.

आमचं गाव राजूरच्या अलीकडं. गावाच्या वरच्या अंगाला बरड होतं, कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराची माणसं मुरूम मागायला आली. बरडाच्या नऊ मालकांना त्यांनी सांगितलं, की मुरूम नेल्यावर खड्डे भरून देऊ, बाजूला काढून ठेवलेली वरची माती परत पसरू, ओढा होता तसा करून देऊ. बरडाचं वावर होईल, हे ऐकून माणसं हलली. तरी कुणी हो म्हणेना. सगळे काकांकडं बघत होते.

"करू द्या," काका म्हणाले. "वढ्याची खूण मी स्वतः करून देतो. तिच्या भाईर त्यांनी जायचं न्हाई."

बरडाच्या खाली मालनबाईचं तीन एकर होतं, दगडी बांधकामाच्या विहिरीसकट. मालनबाई एकटी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी साधना अंकुशनगरला दिलेली. बरडातून उतरणारा ओढा तिच्या वावराच्या वरच मोठा वळसा घेऊन बाजूनं निघून जायचा, म्हणून तिचं रान कधी पाणी साचून चिबडलं नव्हतं. बरडातला दीड एकराचा तुकडाही तिचाच. तिनं कागदावर अंगठा उठवायच्या आधी एवढंच विचारलं, "भाऊ, वळसा राहील ना बराबर?"

"राहील, मालनबाई."

काकांनी बाभळीच्या बेचाळीस खुंट्या तासल्या, चुन्यानं रंगवल्या आणि सगळ्या वळशानं ठोकल्या. ठेकेदाराच्या माणसानं त्यांच्या हातात पट्टी देऊन फोटो काढला. काकांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत पट्टीसोबत त्यांचा फोटो कुणी काढला नव्हता.

तीन वर्षं खोदायचे पोकलेन चालले, मुरमाचे हायवा ट्रक धावले. बरडाच्या जागी तीन पुरुष खोल खदान झाली. काढून ठेवलेल्या काळ्या मातीचा ढीग कडेला होता, काका रोज जाऊन बघून यायचे. एका उन्हाळ्यात तो ढीगही हायवात भरला जाऊ लागला. विचारलं तर कळलं, रस्त्याच्या मधोमध फुलझाडं लावायची आहेत, त्याला माती पाहिजे.

मग एका आठवड्यात खदान भरली. माती नव्हतीच, म्हणून दगड, फुटलेलं काँक्रीट, डांबराची ढेकळं, जे हाताला लागलं ते ढकललं. आणि ओढा? वळशानं खोदायला दोन दिवस जास्त लागले असते. पोकलेननं वरून खाली एक सरळ चर मारायला घेतला, थेट मालनबाईच्या बांधाकडं. कडेला उरलेल्या खुंट्या मशीनच्या साखळीखाली मोडत होत्या.

काका पोकलेनपुढं जाऊन उभे राहिले. चालवणारा पोरगेलासा, झारखंडकडचा. त्यानं मशीन थांबवलं, खाली उतरला, काकांना पाणी दिलं.

"चाचा, हमको जितना बोला है, उतना ही करना है. कल मशीन दूसरी साइटपे जानी है."

"तुझा साहेब कुठंय?"

त्यानं फोन लावून काकांच्या कानाला धरला. फोन बंद होता. काका ऊन उतरेपर्यंत तिथं उभे राहिले. तो पोरगाही सावलीत बसून राहिला. शेवटी काकांना चक्कर आली, लोकांनी घरी नेलं. सकाळी चर पूर्ण झालेला होता आणि मशीन गेलेलं होतं.

मी तेव्हा जालन्यात बियाणं कंपनीच्या ऑफिसात कामाला होतो. काका माझ्याकडं आले, मी अर्ज लिहून दिला आणि त्यांच्यासोबत गेलो. एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी मात्र मन लावून फाइल शोधली. त्यात लिहिलं होतं, जमीन व नाला पूर्ववत केल्याची पाहणी झाली. सोबत फोटो जोडला होता. पांढऱ्या खुंट्यांच्या रांगेत पट्टी धरून काका उभे.

"हे तुम्हीच ना, आजोबा?" बाईंनी विचारलं.

काकांनी फोटो जवळ धरला. "मीच हाय. पण हे खोदायच्या आधीचं हाय, बाई."

"तारीख नंतरची घातलीय. मी काय करू सांगा?" त्यांनी खरंच विचारलं होतं.

त्या सप्टेंबरात सलग चार दिवस पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी चरातून सुटलं आणि बांध फोडून मालनबाईच्या कपाशीत शिरलं. संध्याकाळपर्यंत विहिरीची एक बाजू आत बसली. कठड्याचे दगड गाळात रुतले, वरून डांबराची ढेकळं वाहत आली.

काका फावडं घेऊन निघाले. रजा काढून आलेला मी धरून चौघं-पाचजण सोबत गेलो. चराचं तोंड बुजवून पाणी जुन्या वळशाकडं वळवायचं, असा बेत. आठ दिवस खोदलं. भराव खालून पोकळ होता. इकडं बांध घातला की पाणी आत मुरायचं आणि भलत्याच जागी, शेजारच्या कारभारीच्या तुरीत नाहीतर रस्त्यावर, बाहेर यायचं. नवव्या दिवशी काकांनी चपला काढल्या, भरावावर बराच वेळ उभे राहिले.

"काय दिसून राह्यलं, काका?" मी विचारलं.

"काई न्हाई रे. पाणी कुठून जातंय तेच कळंना मला." त्यांनी फावडं खाली ठेवलं. "हे रानच मला वळखू येत न्हाई."

मालनबाई बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्यांना सोपं गेलं असतं. ती रोज चहा घेऊन यायची आणि पहिला कप त्यांनाच द्यायची.

गेल्या दिवाळीनंतर साधना येऊन आईला अंकुशनगरला घेऊन गेली. वावर पडीक आहे, त्यात लव्हाळा माजलाय. राजूरच्या स्टँडपर्यंत काका पोचवायला गेले होते. गाडीत बसल्यावर मालनबाई म्हणाली, "भाऊ, जीवाला लावून घेऊ नका. तुमी तर बराबरच खुणा केल्त्या."

काकांनी मान हलवली. गाडी सुरू झाली.

परवा शेजारच्या गावचे अप्पाराव विहिरीची जागा दाखवा म्हणून त्यांना न्यायला आले होते. मी ओट्यावरच होतो. काका म्हणाले, "दुसऱ्याला विचारा." अप्पारावांनी हसून दुसऱ्यांदा विनवलं. काका उठून आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी मीच अप्पारावांना चहा दिला.