लाल दवेचे हात

आमच्या सासूबाई माणसं, कापड आणि औषधं एकाच मापाने जोखत. नागपूरच्या इतवारी बाजारात घराखालीच आमचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे माप ठरलेलं: रंग गडद, तर माल अस्सल. सत्तरच्या दशकात एका हिवाळ्यात गल्लीत काविळीची साथ आली आणि घरोघरी भाजी-फळं लाल दवेच्या पाण्यात धुतली जाऊ लागली. लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. त्याच्या काळ्या-जांभळ्या खड्यांतले दोन-चार टाकले की बादलीभर पाणी फिकट गुलाबी होतं, आणि तेवढं पुरतं. पण फिकट गुलाबी म्हणजे सासूबाईंच्या लेखी पहिल्या धुण्यात रंग सोडणारी साडी. त्या मूठ टाकत.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. लग्नाच्या बोलणीत ‘शिकवू’ असं कबूल झालं होतं. पण दिवाळीनंतर सासूबाईंनी जाहीर केलं, "पोरीचं लगन जमलं का तुझं कॉलेज बंद. मंग घर कोण पाहीन?" पोरगी म्हणजे माझी नणंद. रसायनशास्त्रावर माझा जीव होता. मला इतका संताप आला, की तो रोज सकाळी कणकेवर निघायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी खापरखेड्याहून नणंदेला बघायला मंडळी येणार होती. मुलगा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. सकाळी सासूबाईंनी लेकीला पेरू आणि सांबार धुवायला बसवलं. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. परातीत त्यांनी अर्धी पुडी ओतली आणि पाणी वांग्याच्या रंगाचं झालं. बऱ्याच वेळाने नणंद हात पुढे धरून स्वयंपाकघरात आली. दोन्ही हात मनगटापर्यंत तपकिरी, नखं तर कात लावल्यासारखी.

साबण झाला, राख झाली. डाग जागचा हलेना.

"अवं माय, हे तं रोग असल्यावानी दिसून राहिलं! आता कोण हो म्हणन हिले?" सासूबाई म्हणाल्या, आणि नणंदेने रडायला सुरुवात केली.

"आई, लिंबू चोळून पाहू," मी म्हटलं.

"लिंबानं काय होते? तू गप राह्य."

त्यांनी कपाटातून ग्लिसरीनची बाटली आणली. नागपूरच्या थंडीत हातपाय फुटतात, म्हणून ती घरोघर असायची. नणंद ओट्यावर हात टेकून उभी होती, शेजारीच लाल दवेची उरलेली पुडी उघडी पडलेली, आणि सासूबाई तिथेच तिच्या हातांवर बाटली उपडी करायला निघाल्या.

मी बाटली हिसकावली. सासूच्या हातातून! आमच्या घरात असं आक्रीत कधी घडलं नव्हतं.

"काहून वं? डोकं फिरलं काय तुझं?"

"आई, हे दोन एकत्र आले तर पेट घेतात. काडीसुद्धा लागत नाही."

"दवाईले आग? हेच शिकवून राहिले काय कॉलेजात?"

मग मात्र माझंही टाळकं सरकलं. मागच्या अंगणात कवेलूच्या, म्हणजे छपराच्या कौलाच्या, तुकड्यावर लाल दवेचे थोडे खडे ठेवले, दोघींना लांब उभं केलं, वर ग्लिसरीन ओतलं आणि मागे झाले. काही झालं नाही. थंडीत वेळ लागतो हे मला ठाऊक होतं, पण सासूबाईंच्या ओठांवर हसू पसरायला लागलं. त्या घराकडे वळणार तोच धुराची रेघ निघाली आणि भस्सकन जांभळट ज्वाळा उठली.

सासूबाई भिंतीला टेकल्या. आधी त्यांनी लेकीच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिंबं किती लागतीन?" त्यांनी विचारलं.

त्या लिंबं कापून देत होत्या आणि मी नणंदेची बोटं चोळत होते. चोळता चोळता परीक्षकासमोर असल्यासारखं खणखणीत सांगत होते: लाल दवा आपला प्राणवायू समोर येईल त्याला देते. म्हणून जंतू मरतात, म्हणूनच ग्लिसरीन पेटतं. देऊन झालं की मागे तपकिरी गाळ उरतो, तो कातडीवर बसतो, आणि लिंबाने सुटतो. अंगठा स्वच्छ निघाला तेव्हा नणंद आनंदाने ओरडलीच. मग तळवे उजळले, मग मनगटं. नखांच्या कडा तेवढ्या जरा हट्टी निघाल्या.

दुपारी मंडळी आली. लाल दवेच्या गडद पाण्यात करपलेला सांबार टाकून दिल्यामुळे पोहे बोडकेच वाढले. मुलाच्या आईने नणंदेला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. पोरगी पसंत होती.

"अन् ह्या सूनबाई? ह्या घरीच असतात काय?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

मी चहाचा ट्रे धरून उभी. माझं लक्ष फक्त सासूबाईंच्या तोंडाकडे होतं.

"घरी काहून?" सासूबाई ताठ बसल्या. "कॉलेजात शिकून राहिली ते. केमिस्ट्री! हे वर्ष झालं का पुढचंबी शिकनार हाय."

सोयऱ्यांसमोर दिलेला शब्द इतवारीत कोणी मागे घेत नाही. सोमवारी सकाळी कणीक सासूबाईंनी मळली, आणि मी भर बाजारातून, मान वर करून, कॉलेजला गेले.